विज्ञानाच्या पदवीआधीचे दोन महिने: संगणक आणि संवादाची तयारी नेमकी कशी करावी?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. आठ आठवड्यांनी विज्ञानाच्या पदवीचं पहिलं वर्ष सुरू होतंय. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. शाळा मराठीतून झाली, पुढची व्याख्यानं इंग्रजीतून असतील. पहिल्या सत्रापासून प्रयोगांचे अहवाल टाइप करून द्यायचे आहेत, आलेख संगणकावर काढायचे आहेत आणि सत्राच्या शेवटी दहा मिनिटं बोलायचं आहे.

हाताशी लॅपटॉप, इंटरनेट आणि रोजचा दीड तास आहे. दोन बोटांनी टायपिंग येतं, स्लाइड बनवता येतात, स्प्रेडशीटमध्ये बेरीज आणि सरासरी जमते. प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आधी स्प्रेडशीट की पायथन? 'कम्युनिकेशन स्किल्स'च्या कोर्समध्ये मुलाखत आणि देहबोलीच जास्त दिसते. अहवाल लिहायला त्याचा काही उपयोग होतो का? आणि इंग्रजीतून बोललेलं गणित कानाला पटकन कळत नाही, त्यावर उपाय काय?

---

तराजू

संगणकाचा एक कोर्स आणि संवादाचा दुसरा, अशी वाटणी करू नका. एकच छोटं मोजमाप घ्या आणि ते वाचनांपासून तक्ता, आलेख, लेखी अहवाल आणि तोंडी सांगणं इथपर्यंत न्या. दोन्ही कौशल्यं एकाच कामात लागतात, आणि आपण कुठे अडतो तेही त्यातच कळतं. साधा लंबक यासाठी उत्तम. दोरा, एक जड गोळी, मोजपट्टी आणि फोनमधलं स्टॉपवॉच एवढं पुरतं.

लांबी २०, ४०, ६०, ८० आणि १०० सेंमी घ्या. प्रत्येक लांबीला २० दोलनांचा वेळ तीनदा मोजा. बोट दाबण्यातली चूक साधारण ०.२ सेकंदाची असते. २० दोलनांवर वाटली की एका दोलनामागे ०.०१ सेकंदच उरते. गोळी मधल्या, म्हणजे सर्वांत वेगवान जागेतून जाताना मोजायला सुरुवात करा. टोकाला ती रेंगाळते, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही. झोका १० अंशांच्या आत ठेवा. मोजताना पहिल्या क्षणाला 'शून्य' म्हणा. 'एक' म्हणून सुरुवात केली तर प्रत्यक्षात १९ च दोलनं मोजली जातात आणि गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास येतं. तुमचं उत्तर तिथे गेलं तर दुसरं काही शोधण्याआधी हे तपासा.

आता स्प्रेडशीट. वर्गांत सर्वाधिक गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एकक फक्त कॉलमच्या शीर्षकात लिहा, सेलमध्ये नुसता आकडा. सेलमध्ये '४० सेंमी' टाइप केलं की स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते. अशा सेलचा समावेश असलेल्या कॉलमची सरासरी काढली तर चूक झाल्याचा संदेश येत नाही. तो सेल गुपचूप वगळला जातो आणि पाचऐवजी चार वाचनांची सरासरी हाती येते. ओळखायची खूण अशी: आपण संरेखन बदललेलं नसेल तर आकडे सेलच्या उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. राहून गेलेल्या वाचनाच्या जागी शून्य लिहू नका, सेल मोकळा सोडा. मोकळा सेल सरासरीत धरला जात नाही, शून्य मात्र धरलं जातं.

दोलनांची संख्या २० ही एका वेगळ्या सेलमध्ये, समजा बी१ मध्ये, ठेवा आणि दोलनकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, काढायच्या सूत्रात $बी$१ असा उल्लेख करा. डॉलरची चिन्हं नसतील तर सूत्र खाली ओढल्यावर बी१ चा बी२ होतो, बी२ चा बी३ होतो, आणि दुसऱ्या ओळीपासून उत्तरं बिघडतात. पहिली ओळ बरोबर असते, म्हणून लक्षात येत नाही. सूत्र ओढल्यावर शेवटच्या ओळीचा हिशेब कॅल्क्युलेटरवर पडताळायची सवय लावा.

तीन वाचनांच्या प्रमाण विचलनासाठी, म्हणजे वाचनं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते काढायला, 'एसटीडेव्ह' हे फंक्शन लागतं. त्याचे दोन प्रकार आहेत, शेवटी एस आणि शेवटी पी. आपली तीन वाचनं हा नमुना आहे, म्हणून एस वापरा. त्यात वाचनांच्या संख्येतून एक वजा करून भागतात. तीनच वाचनं असताना या दोन उत्तरांत बराच फरक पडतो.

आलेखासाठी 'स्कॅटर' निवडा, 'लाइन' नको. लाइन चार्ट आडव्या अक्षावरच्या किमतींना नुसती लेबलं समजतो आणि सगळे बिंदू सारख्या अंतरावर मांडतो. तुमच्या लांब्या सारख्याच अंतरावर असल्यामुळे चित्र अगदी बरोबर दिसेल, पण ट्रेंडलाइन (बिंदूंना सर्वांत जवळून जाणारी रेषा) लांबीऐवजी १, २, ३, ४, ५ धरून काढली जाईल. मग चढ ४.०३ यायला हवा तिथे ०.८१ येतो. ही चूक नजरेला दिसत नाही, म्हणूनच ती महाग पडते.

उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, आडव्या अक्षावर मीटरमध्ये लांबी. सरळ रेषा यायला हवी. तिचा चढ म्हणजे ४ गुणिले पायचा वर्ग (३९.४८) भागिले गुरुत्वत्वरण, म्हणजे सुमारे ४.०३ सेकंदवर्ग प्रति मीटर. 'स्लोप' फंक्शनमध्ये आधी उभ्या अक्षाच्या किमती द्यायच्या, मग आडव्या. क्रम उलटा झाला तर ०.२५ च्या आसपास आकडा येतो.

लांबी सेंमीमध्येच राहिली तर चढ ०.०४ येईल. चूक नाही, पण एकक सेकंदवर्ग प्रति सेंमी झालं हे लिहावं लागेल.

---

कोरं पान

'तराजू' यांच्याशी पूर्ण सहमत. लेखनाबद्दल भर घालतो.

मुलाखत-देहबोलीचे कोर्स वाईट नसतात, पण तुमची अडचण त्यांनी सुटणार नाही. विज्ञानातला संवाद म्हणजे वाचणाऱ्याला तुमचं मोजमाप पुन्हा करता यावं इतकं नेमकं सांगणं. अहवालाचे भाग बहुतेक ठिकाणी तेच असतात: प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती, चर्चा. लिहिताना मात्र या क्रमाने जाऊ नका. आधी आलेख आणि तक्ता पक्का करा, मग पद्धत, मग निष्पत्ती, मग चर्चा, आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की पुस्तकातला उतारा कॉपी करण्याचा मोह होतो, आणि दीड पान झाल्यावरही प्रयोगाबद्दल एक वाक्य लिहिलेलं नसतं.

पद्धत भूतकाळात लिहा. 'गोळी बांधा, झोका द्या' ही कृती झाली, अहवाल नव्हे. 'गोळी १० अंशांपेक्षा कमी कोनातून सोडली आणि २० दोलनांचा वेळ तीनदा मोजला' हा अहवाल. कर्मणी प्रयोग करायचा की 'आम्ही मोजलं' म्हणायचं यावर ठिकठिकाणी मतं वेगळी आहेत. तुमच्या विभागाचा एखादा नमुना अहवाल मागून घ्या आणि त्याप्रमाणे चाला. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

निष्पत्ती आणि चर्चा यांची सरमिसळ ही पहिल्या वर्षातली सर्वांत नेहमीची चूक. निष्पत्तीत काय दिसलं ते, आकड्यासकट. चर्चेत ते का दिसलं असावं ते. 'उत्तर जवळपास बरोबर आलं' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. 'लांबी ०.२० ते १.०० मीटर बदलली असता दोलनकालाचा वर्ग लांबीबरोबर सरळ रेषेत वाढला. रेषेचा चढ ४.०३ सेकंदवर्ग प्रति मीटर' यातून सगळं मिळतं.

'मानवी चुकीमुळे फरक पडला' हे वाक्य कायमचं सोडून द्या. कोणती चूक, ती उत्तर कोणत्या दिशेला नेते आणि किती, हे तिन्ही सांगता आलं तरच ते कारण. झोका ३० अंशांचा असेल तर दोलनकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो. असं लिहिलं की परीक्षकाला तुमची समज दिसते.

एककाबद्दल एकच उदाहरण देतो. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झालं. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. गणितं दोन्हीकडची नीट होती, चुकला तो निरोप.

टाइप करताना समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. घातांक आणि पादांक त्यातच लिहा.

---

शून्यापासून

स्प्रेडशीट आधी की पायथन, याचं माझं उत्तर: पहिले तीन आठवडे फक्त स्प्रेडशीट, चौथ्यापासून पायथन, आणि पायथनमध्येही नवं काही न करता तोच लंबकाचा तक्ता. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे प्रोग्रॅम चुकला की लगेच कळतं. नव्या भाषेत नवा प्रश्न सोडवायला घेतला तर चूक गणितात आहे की प्रोग्रॅममध्ये, हे ओळखता येत नाही.

इन्स्टॉल करण्यात अडकू नका. गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, आकडेमोडीचं नंपाय आणि आलेखांचं मॅटप्लॉटलिब ही पॅकेजेस तिथे आधीच असतात. फक्त एक धोका ओळखून ठेवा: नोटबुकमधले कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. वरचा कप्पा बदलला आणि खालचा पुन्हा चालवला नाही, तर पडद्यावरचं उत्तर जुन्याच किमतीचं राहतं. काम संपवताना रनटाइम नव्याने सुरू करून सगळे कप्पे वरून खाली एकदा चालवा. तेव्हाही तेच उत्तर आलं तर ते खरं.

नवशिक्यांना रडवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. यादीतला पहिला घटक शून्य क्रमांकाचा असतो. एक बरोबरचं चिन्ह किंमत देतं, दोन चिन्हं तुलना करतात. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा पायथनमध्ये अर्थपूर्ण असते, म्हणून टॅब आणि स्पेस मिसळू नका. साइन-कोसाइनला कोन रेडियनमध्ये लागतो: ३० चा साइन मागितला तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं. स्प्रेडशीटमध्येही हेच. आणि ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ आहे का असं विचारलं तर पायथन 'नाही' म्हणतो, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत पूर्ण मावत नाहीत. म्हणून दोन दशांश संख्या समान आहेत का हे न तपासता त्यांच्यातला फरक पुरेसा लहान आहे का हे तपासायचं.

चूक झाल्याचा संदेश आला की त्याची शेवटची ओळ आधी वाचा. चूक कोणत्या प्रकारची ते तिथे असतं. कुठल्या ओळीत ते त्याच्या वर. मदत मागताना तो संदेश पूर्ण कॉपी करून द्या, पडद्याचा फोटो नको. हाही संवादाचाच भाग आहे.

मूळ वाचनांची फाइल वेगळी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. हिशेब तिच्या प्रतीवर करा. स्प्रेडशीट काही मजकूर आपणहून तारखेत बदलते. 'सेप्ट२' नावाचं मानवी जनुक सप्टेंबरची तारीख होऊन बसायचं. अशा गोंधळामुळे मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने अशी नावंच बदलली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत त्याचा उल्लेख आहे. ते जनुक आता 'सेप्टिन२' आहे.

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि महिना-दिवस दोन अंकी लिहा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं नकोत. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक ऑनलाइन.

---

कानसेन

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, म्हणून लिहिते.

व्याख्यानातलं इंग्रजी कळत नाही असं वाटतं, तेव्हा बहुतेकदा शब्द माहीत असतात. चिन्हांचे उच्चार माहीत नसतात. फळ्यावर चिन्ह दिसतं आणि कानावर 'साय', 'झाय', 'एटा', 'डेल स्क्वेअर', 'एक्स सब झीरो', 'डीवाय बाय डीएक्स' पडतं. दोन्हींची सांगड बसेपर्यंत शिक्षक पुढे गेलेले असतात. ग्रीक अक्षरं २४ आहेत. त्यांची चिन्हं, नावं आणि लिहिण्याची पद्धत एका आठवड्यात पाठ होते. नू आणि इंग्रजी व्ही, रो आणि इंग्रजी पी, या जोड्या हाताने वेगळ्या काढता यायला हव्यात, नाहीतर स्वतःच्याच वहीतलं समीकरण चुकीचं वाचलं जातं. मग रोज पाच समीकरणं मोठ्याने इंग्रजीत वाचा. 'चा वर्ग', 'चं वर्गमूळ', 'च्या समप्रमाणात' हे इंग्रजीत कसं म्हणतात ते ओठांवर बसलं की कानालाही ओळखू येतं.

टिपणासाठी पान उभं दोन भागांत करा. उजवा रुंद भाग वर्गात लिहायला. डावा अरुंद भाग त्याच दिवशी संध्याकाळी भरायचा: उजवीकडच्या मजकुराचं उत्तर येईल असे प्रश्न तिथे लिहायचे. खाली चार ओळी सारांशाला. याला कॉर्नेल पद्धत म्हणतात. तिचा फायदा डाव्या भागात आहे. तो रिकामा राहिला तर साधी वहीच बरी. टिपण मराठीत की इंग्रजीत? संज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण ज्या भाषेत झरझर लिहिता येईल त्या भाषेत.

बोलण्याचा सराव दहा मिनिटांच्या भाषणाने सुरू करू नका. लंबकाचा आलेख समोर ठेवून ९० सेकंद बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. क्रम असा: दोन्ही अक्षांवर काय आहे आणि कोणत्या एककात, बिंदूंचा आकार कसा दिसतो, एक महत्त्वाचा आकडा, त्याचा अर्थ. बहुतेक जण अक्ष न सांगता थेट अर्थावर उडी मारतात, आणि ऐकणारा तोपर्यंत आलेख कसा वाचायचा यातच गुंतलेला असतो. रेकॉर्डिंग ऐकताना उच्चारांपेक्षा आकड्यासोबत एकक म्हटलं की नाही तेवढंच तपासा. दहा मिनिटांना दहाच्या वर स्लाइड नकोत, आणि अक्षरं २४ पॉइंटपेक्षा लहान नकोत. आलेखाच्या अक्षांवरची अक्षरंसुद्धा! स्प्रेडशीटमधून चिकटवलेल्या आलेखात ती हमखास बारीक राहतात.

शिक्षकांना ईमेल करताना विषयाच्या ओळीत अभ्यासक्रम आणि प्रयोगाचं नाव, आत एकच प्रश्न, आणि तुम्ही काय करून पाहिलं ते दोन ओळींत. 'मला हा प्रयोग समजला नाही' याला कोणालाही नीट उत्तर देता येत नाही.

---

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. लंबकाची वाचनं घेतली. स्कॅटर आलेख काढला, रेषा सरळ आली, चढ ४.०३. पण रेषा शून्यातून जात नाही, उभ्या अक्षाला ०.०६ वर छेदते. शिवाय प्रत्येक लांबीवरून वेगवेगळं गुरुत्वत्वरण काढलं तर ९.११, ९.४४, ९.५६, ९.६२, ९.६५ अशी उत्तरं येतात. सरासरी ९.४८. चढावरून मात्र ९.७९६१३. यांतलं खरं कोणतं? गोळीचा व्यास ३.० सेंमी आहे. दोरा गोळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजला होता.

---

तराजू

शेवटचं वाक्य लिहिलंत हे फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. लंबकाची लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरायची असते. तुमची प्रत्येक लांबी त्रिज्येइतकी, म्हणजे १.५ सेंमी कमी मोजली गेली. ०.०६ भागिले ४.०३ करून पाहा: ०.०१५ मीटर. रेषेने तुमच्या गोळीची त्रिज्या मोजून दिली आहे.

सगळ्या लांब्या सारख्याच अंतराने चुकल्या की रेषा बाजूला सरकते, तिचा चढ बदलत नाही. म्हणून चढावरचं उत्तर घ्यायचं. सुटी उत्तरं बघा, ती ९.११ पासून ९.६५ पर्यंत एकाच दिशेने चढत जातात, कारण १.५ सेंमीची चूक २० सेंमीत मोठी असते आणि १०० सेंमीत लहान. वाचनं नुसतीच विस्कळीत असती तर ती वर-खाली झाली असती. अशा वेळी सरासरी काढून चूक कमी होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

आता 'लाइनएस्ट' फंक्शन वापरा, चौथ्या जागी 'ट्रू' लिहा. येणाऱ्या तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत चढाची आणि आंतरछेदाची (रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या किमतीची) अनिश्चितता मिळते. ती इथे द्या.

---

उंबरठा (धागाकर्ता)

चढ ४.०३ अधिक-उणे ०.०२, आंतरछेद ०.०६ अधिक-उणे ०.०१. अहवालासाठी वाक्य असं केलंय: 'चढावरून गुरुत्वत्वरण ९.७९६१३ आले. आंतरछेद शून्य नाही, कारण लांबी गोळीच्या वरच्या टोकापर्यंत मोजली होती.'

---

कोरं पान

दुसरं वाक्य चांगलं आहे, पण ते चर्चेत न्या आणि त्यात आकडा घाला: आंतरछेदावरून निघणारी त्रिज्या १.५ सेंमी, प्रत्यक्ष व्यासाच्या निम्मी तेवढीच.

पहिल्या वाक्यात दोन दुरुस्त्या. चढातली अनिश्चितता अर्धा टक्का आहे, म्हणून गुरुत्वत्वरणातलीही अर्धा टक्का, म्हणजे ०.०५. मग दशांशानंतरच्या तिसऱ्या अंकापासून पुढचं काही तुम्ही मोजलेलंच नाही, ते कॅल्क्युलेटरने दिलंय. ९.८० अधिक-उणे ०.०५ लिहा. आणि मीटर प्रति सेकंदवर्ग राहिलंय.